माझ्याकडे ११४ टकले टेनिस बॉल आहेत

फिफ्टीन_लव्ह (पुणे)

दिवाळीची साफसफाई निघाली आणि बायकोने माळ्यावरून तीन पिशव्या खाली ढकलल्या. तिन्हींत टेनिसचे बॉल. मोजले, ११४ भरले. "हे कशासाठी ठेवलेत?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. टाकवत नाहीत म्हणून ठेवले, एवढंच.

आम्ही चौघं आठवड्यातून तीनदा डबल्स खेळतो. सगळे पन्नाशीच्या आसपास, दोघांचे गुडघे बोलके. म्हणजे बॉल फोडून काढावा असा जोर कोणातच नाही. तरी तीन बॉलचा एक कॅन आम्हाला दोन आठवड्यांवर पुरत नाही. बॉल "मेला" म्हणायचं, पिशवीत टाकायचं, नवा कॅन उघडायचा. त्या "फिस्स" आवाजाचं मलाही व्यसन आहे, खोटं कशाला बोलू.

या वेळी म्हटलं, बघू तरी मेलाय म्हणजे नक्की काय झालंय. आंतरराष्ट्रीय टेनिस फेडरेशनचा नियम असा, की बॉल २५४ सेंटिमीटरवरून कडक जमिनीवर सोडला तर १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळला पाहिजे. वजन ५६ ते ५९.४ ग्रॅम, व्यास ६.५४ ते ६.८६ सेंटिमीटर. सोसायटीच्या जिन्यात मेजरिंग टेप चिकटवली, मुलीला मोबाइल देऊन खाली बसवलं आणि स्वतः कठड्यावरून बॉल सोडत बसलो. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी दोनदा दार उघडून बघून गेल्या. नव्या कॅनमधला बॉल १४० च्या आसपास आला. तीन आठवड्यांचा १२७. माळ्यावरचे सगळे ११५ च्या खाली, काही तर जमिनीवर पडून विचारात पडल्यासारखे.

गंमत म्हणजे यातल्या निम्म्या बॉलची लव अजून जाग्यावर आहे. शीर्षकात "टकले" म्हटलंय ते सगळ्यांना लागू नाही. दिसायला बॉल चांगले, वजनात चांगले, कुठे चीर नाही. गेली ती फक्त आतली हवा.

नेहमीच्या भंगारवाल्याला विचारलं. त्याने एक बॉल दाबून बघितला, वास घेतला आणि परत दिला. "रबर म्हणावं तर वर कापड, कापड म्हणावं तर आत रबर. काय भावाने लिहू?" कचरा न्यायला येणाऱ्या ताई म्हणाल्या, सुक्यात टाका, पण पुढे कुठे जातं ते विचारू नका.

तर दोन प्रश्न. हा बॉल बनतो कसा, की त्याचं परत काहीच होऊ नये? आणि या ११४ चं मी काय करू?

---

गच्चीवर_सिक्स

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. पत्ता द्या, रविवारी टेम्पो घेऊन येतो.

---

खडूफळा

त्यातले वीस-पंचवीस मला हवेत. कारण नंतर लिहिते, आत्ता पेपर तपासतेय.

---

व्हल्कन (भोसरी)

पहिल्या प्रश्नावर मी लिहितो. टेनिस बॉल मी स्वतः कधी बनवला नाही. एकतीस वर्षं यंत्रांना लागणारे रबराचे ऑइल सील आणि बुश बनवले. पण एका ओळखीच्यांच्या कारखान्यात बॉलची लाइन चालायची, ती दोन दिवस फिरून बघितली आहे. तेव्हापासून बॉल हातात आला की आधी दाबून बघायची खोड लागली.

सुरुवात कच्च्या रबरापासून. नैसर्गिक रबर, झाडाच्या चिकाचं. ते दोन रोलरच्या मिलमध्ये मळायचं. हो, मळायचंच, कणीक तिंबतात तसं. त्यात भुकट्या पडतात: माती (चिनी मातीची भावंडं), सिलिका, मॅग्नेशियम कार्बोनेट, झिंक ऑक्साइड, गंधक आणि गंधकाचं काम लवकर व्हावं म्हणून अॅक्सिलरेटर. खेळाडूला वाटतं बॉल रबराचा. आमच्या लोकांना विचाराल तर बॉल कंपाउंडचा, म्हणजे या सगळ्या मिश्रणाचा.

मळलेला माल मशीनमधून जाड दोरीसारखा बाहेर येतो आणि पेढ्याएवढे तुकडे पडतात. पेढा साच्याच्या एकेका खळग्यात ठेवायचा आणि प्रेस खाली आणायचा. १५० अंशांच्या आसपास तापमान, दोन-तीन मिनिटं. आप्पेपात्र डोळ्यासमोर आणा. प्रेस उघडला की रबराची एक चादर निघते, तीत ओळीने अर्ध्या वाट्या. वाट्या कापून घ्यायच्या, कडा घासायच्या, कडेला सोल्यूशन लावायचं.

आता खरी मेख. दोन वाट्या जोडल्या की आत बाहेरच्यापेक्षा जास्त दाब हवा, साधारण १२ पीएसआय (दर चौरस इंचाला पाउंड) जास्त. बॉलला पंप मारायला भोक तर नाही. जुनी पद्धत अशी की एका वाटीत सोडियम नायट्राइट आणि अमोनियम क्लोराइडच्या गोळ्या आणि थेंबभर पाणी टाकायचं, दुसरी वाटी वर बसवायची आणि साच्यात तापवायचं. आत नायट्रोजन तयार होतो. मागे उरतं ते मीठ आणि पाणी. म्हणून जुना बॉल फोडला की आत पांढरी खरवड दिसायची. दुसरी पद्धत, प्रेसच्या बंद खोक्यातच दाबाखाली हवा भरायची आणि त्या हवेत वाट्या मिटवायच्या. म्हणजे हवा आत भरायची नाही, हवेतच बॉल बंद करायचा.

हा झाला गाभा, करडा आणि गुळगुळीत. तो खरवडायचा, पुन्हा सोल्यूशनमध्ये बुडवायचा. वरच्या कापडाला फेल्ट म्हणतात: लोकर आणि नायलॉनचं मिश्रण, पाठीला सुती विणीचा आधार. स्वस्त बॉलला लोकर कमी किंवा अजिबात नाही, सगळं सिंथेटिक. कापड डमरूच्या आकारात कापतात, मधे चिमटलेलं, दोन टोकांना गोल. असे दोन डमरू आडवे-उभे एकमेकांत बसवले की गोळा पूर्ण झाकला जातो. कापायच्या आधी कापडाची चवड रचून तिच्या कडांना पांढरं चिकट द्रव्य लावलेलं असतं. फिफ्टीन_लव्ह, तुम्ही ज्याला शिवण समजता ती शिवण नाहीच. ती डिंकाची रेघ आहे. टेनिसच्या बॉलला एकही टाका नसतो.

मग पुन्हा साचा, पुन्हा उष्णता. बाहेर आलेला बॉल इस्त्री केल्यासारखा चपटी लव घेऊन येतो. त्याला वाफेत लोळवतात, मग लव उभी राहते. तपासणी, छाप आणि डबा. डब्यातही बॉलच्या आत असतो तेवढाच दाब भरायचा, म्हणजे हवेला बाहेर जायचं कारणच उरत नाही. तुमच्या आवडीचा "फिस्स" झाला की बॉलचं घड्याळ सुरू.

---

फिफ्टीन_लव्ह

व्हल्कनकाका, दंडवत. डिंकाची रेघ वाचून पंचवीस वर्षांचा समज गेला. पण मग हवा जाते कुठून? भोक नाही, शिवण नाही.

---

व्हल्कन

रबरातूनच. नैसर्गिक रबराच्या साखळ्या लांब आणि सतत वळवळणाऱ्या. त्यांच्या मधून वायूचे रेणू हळूहळू वाट काढतात. सायकलची ट्यूब हवा जास्त दिवस धरते, कारण ती ब्युटाइल रबराची असते. त्यातून हवा कितीतरी पट कमी झिरपते.

मग बॉल ब्युटाइलचा का नाही, हा तुमचा पुढचा प्रश्न. ब्युटाइलचा गोळा जमिनीवर आपटून बघा, थप्प करून बसतो. आपटल्याची ताकद तो आतच जिरवतो. नैसर्गिक रबर ती परत देतं. जो गुण उसळी देतो तोच हवा सोडतो. मधल्या काळात एका कंपनीने गाभ्याला आतून चिकणमातीच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांचा लेप दिलेला बॉल आणला होता, हवेला आडवळणाने जावं लागावं म्हणून. तो २००२ मध्ये डेव्हिस कपलाही वापरला गेला. पण दुकानात आजही बहुतेक बॉल लेपाविनाच मिळतो.

आणि परत काही का होत नाही, तर गंधकामुळे. तापवल्यावर गंधक रबराच्या साखळ्यांना एकमेकींशी बांधून टाकतं. हेच व्हल्कनायझेशन. चार्ल्स गुडइयरने १८४४ मध्ये पेटंट घेतलं ते याचंच. प्लॅस्टिकची बाटली वितळवून दुसरी वस्तू करता येते, हे वितळत नाही. जास्त तापवलं तर जळतं. भाजलेल्या भाकरीचं परत पीठ होत नाही. फार तर चुरा होतो, आणि इथे त्या चुऱ्यात लोकर, नायलॉन, सूत आणि दोन प्रकारचे चिकट पदार्थ मिसळलेले. तुमच्या भंगारवाल्याला रबर टेक्नॉलॉजी चांगली कळते.

---

हिशोबनीस

काका, माहिती उत्तम. पण जरा आकडे मांडू. जगात वर्षाला ३० कोटींच्या वर टेनिस बॉल बनतात असं सगळीकडे छापून येतं. एक बॉल ५८ ग्रॅम. गुणाकार केला तर १७ हजार टनांच्या पुढे, त्यातही काही भाग कापडाचा. एकट्या भारतात नैसर्गिक रबराचा खप वर्षाला १४ लाख टनांच्या घरात, आणि त्यातला मोठा वाटा टायरचा. ट्रकचा एक टायर म्हणजे वजनाने साधारण हजार बॉल. फिफ्टीन_लव्ह यांनी दहा वर्षांत जमवलेल्या तीन पिशव्या एका ट्रकच्या टायरचा नववा हिस्सा. पर्यावरणाची काळजी करायचीच तर बॉल शेवटून दुसरा आहे.

---

गच्चीवर_सिक्स

शेवटचा कोण?

---

हिशोबनीस

बॅडमिंटनच्या शटलची पिसं. पण तो वेगळा धागा.

---

व्हल्कन

हिशोबनीस, गुणाकार बरोबर, निष्कर्षाला माझी हरकत. टायर घासला की रिट्रेडिंगला, म्हणजे वर नवा थर चढवायला जातो. मग बैलगाडीला लागतो, बोटीला बांधतात, कुंपणाला लागतो. शेवटी चुरा करणारे आहेत, जाळून तेल काढणारे आहेत (त्या धुराबद्दल न बोललेलं बरं). २०२२ पासून तर टायर बनवणाऱ्यांवर जुन्या टायरची जबाबदारी टाकणारा नियमही आहे. वाईट असेल, पण साखळी आहे. बॉलला साखळीच नाही. टायर हजारो किलोमीटर पळून घासतो. बॉल घासायच्या आधीच टाकला जातो. ५८ ग्रॅम माल जसाच्या तसा शिल्लक असताना! कारखान्यात आम्ही असल्या मालाला "रिजेक्शन" म्हणायचो आणि साहेब आमच्या नावाने शंख करायचे.

---

टेम्सकाठी (लंडन)

धागा वाचून राहवलं नाही. दोन वर्षांपूर्वी पहाटे रांगेत उभं राहून विम्बल्डनला गेलो होतो. तिथे मॅचमध्ये वापरलेले बॉल विकायला असतात. मी एक डबा घेतला, आता शोकेसमध्ये गणपतीशेजारी आहे. आई विचारते, याला हळद-कुंकू वाहायचं का.

तिथल्या बॉलची गोष्ट मात्र मजेदार आहे. स्लॅझेंजर कंपनी १९०२ पासून विम्बल्डनला बॉल पुरवते. पूर्वी ते इंग्लंडातच, बार्न्सलीला बनायचे. २००२ मध्ये कारखाना फिलिपिन्समध्ये बाटानला गेला. वॉरविक बिझनेस स्कूलच्या मार्क जॉन्सन यांनी या बॉलच्या सामानाचा प्रवास मोजला होता. काकांनी वर ज्या भुकट्या सांगितल्या त्याच बघा: माती अमेरिकेतल्या दक्षिण कॅरोलिनाची, सिलिका ग्रीसची, मॅग्नेशियम कार्बोनेट जपानचं, झिंक ऑक्साइड थायलंडचं, गंधक दक्षिण कोरियाचं, रबर मलेशियाचं. सगळ्यात कहर लोकरीचा. ती न्यूझीलंडमधून इंग्लंडला स्ट्राउडला येते, तिथे तिचं फेल्ट होतं, ते फेल्ट फिलिपिन्सला जातं आणि बॉलवर बसून पुन्हा इंग्लंडला येतं. सगळे प्रवास मिळून ५०,५७० मैल, म्हणजे सुमारे ८१ हजार किलोमीटर. पृथ्वीला दोन फेऱ्या.

आणि इतकं करून तो बॉल कोर्टवर किती टिकतो? पहिल्या सात गेमनंतर बदल, मग दर नऊ गेमनंतर. (पहिल्यांदा सात, कारण वॉर्मअप दोन गेमचा धरतात.) एका स्पर्धेला ५५ हजारांच्या आसपास बॉल लागतात.

२००१ मध्ये इथल्या वन्यजीव संस्थांनी विम्बल्डनच्या जुन्या बॉलला भोक पाडून काठीवर बसवले होते, शेतातल्या इवल्याशा उंदरांना घरटं म्हणून. पेपरांत फोटो फार गोड आले. पण ५५ हजार बॉलना पुरतील एवढे उंदीर कुठून आणणार?

---

हिशोबनीस

८१ हजार किलोमीटर ही बेरीज आहे, हे लक्षात घ्या. कुठलाही एक बॉल एवढा फिरत नाही. चिमूटभर गंधक कोरियातून जहाजाने येतं, त्याच जहाजावर आणखी हजारो टन माल असतो. एका बॉलच्या वाट्याला त्यातलं किती डिझेल? मला वाटतं, लोकरीची ती उलटसुलट यात्रा सोडली तर बाकीचा आकडा बातमी सजवायला जास्त उपयोगी.

---

टेम्सकाठी

मान्य. पण शोकेसमधल्या डब्याचं तेज कमी केल्याबद्दल निषेध.

---

काजूबोंडू (दोडामार्ग)

गजाली करूक बरो विषय गावलो.

रबर मलेशियाचं, थायलंडचं हे खरं, पण "झाडाचा चीक" म्हटल्यावर सगळ्यांना ते आपोआप हिरवं वाटतं, म्हणून लिहितोय. आमच्या दोडामार्ग-सावंतवाडी पट्ट्यात केरळच्या लोकांनी जमिनी घेऊन रबर लावलं. काही गावकऱ्यांनीही लावलं. आमच्या चुलत्यांची सहाशे झाडं आहेत. लावल्यावर सात वर्षं थांबायचं. मग पहाटे अंधारात डोक्याला बॅटरी बांधून निघायचं, सालीवर तिरपी चीर द्यायची, खाली वाटी. उन्हं चढायच्या आत चीक गोळा करायचा, कारण ऊन वाढलं की धार बंद. ताटात ओतून फॉर्मिक अॅसिड घातलं की पनीरसारखा बसतो. मग रोलरमधून काढून शीट धुरात वाळवायच्या. त्या धुराचा वास चुलत्यांच्या शर्टाला कायमचा आहे. पावसाळ्यात चिरेवर प्लॅस्टिकचा झगा बांधतात, नाहीतर पाणी वाटीत.

काम कष्टाचं आणि पैसे बरे, तेव्हा लावणाऱ्यांना नावं ठेवत नाही. पण जिथे ऐन, किंजळ, जांभूळ होते तिथे आता एकाच जातीची झाडं ओळीत उभी आहेत. खाली गवताशिवाय काही नाही. २००२ पासून आमच्याकडे कर्नाटकातून हत्ती येतात. हत्तीला रबराच्या बागेत खायला काय? मग तो केळीत आणि माडात उतरतो.

आमचं रबर टेनिसच्या बॉलमध्ये जातं असं मी म्हणत नाही. व्यापारी शीट घेतो, त्यातलं बहुतेक टायरलाच जात असणार. पण फिफ्टीन_लव्ह, पिशवीतल्या ११४ बॉलमागे कुठेतरी कोणीतरी पहाटे तीनला उठलेलं आहे, एवढं लक्षात असू दे.

---

फिफ्टीन_लव्ह

काजूबोंडू, हा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, बघ, आणि तू साडेसहाला उठवलं तरी कुरकुरतोस.

---

पाचवी_सर्व्ह (ऑस्टिन)

आमच्या क्लबात पुठ्ठ्याचं एक खोकं ठेवलेलं असतं, मेलेले बॉल त्यात टाकायचे. रीसायकलबॉल्स नावाची संस्था आहे, व्हरमाँटमध्ये २०१६ साली सुरू झालेली. खोकं भरलं की त्यांच्याकडे जातं. त्यांनी फेल्ट आणि रबर वेगळं करणारं यंत्र बसवलंय. रबराचा चुरा टेनिस कोर्टाच्या थरात आणि घोड्यांच्या रिंगणात जातो. म्हणजे बॉलचं कोर्ट होतं. काकांचं भाकरीचं उदाहरण धरलं तर हा कुस्करा झाला, पण फोडणी तरी बरी दिली.

विल्सनने २०१९ मध्ये ट्रिनिटी नावाचा बॉल आणला. त्याच्या गाभ्यात रबराबरोबर प्लास्टोमर (रबरासारखं लवचिक प्लॅस्टिक) आहे, त्यामुळे दाबाचा डबा लागत नाही, पुठ्ठ्यात येतो. मी एक सीझन खेळले. उसळी खरंच टिकते, पण हाताला जरा कडक लागतो. आमच्यातल्या एकीने कोपराला पट्टा बांधला आणि जुन्या बॉलवर परत गेली.

---

व्हल्कन

कडक लागणारच. हवेची उशी कमी झाली की उसळीचं काम भिंतीवर येतं. स्वीडनच्या ट्रेटॉर्नचे बिनदाबाचे बॉल कित्येक वर्षं मिळतात, तिथेही हेच. जाड भिंत, वर्षभर उसळी, वरची लव जाईपर्यंत चालतो. कोचच्या टोपलीला आणि भिंतीवर मारायला उत्तम. तुम्ही चौघं सरावाला ते वापरा आणि रविवारी "फिस्स" करा.

---

फिफ्टीन_लव्ह

काका, एक कबुली. हवा रबरातून बाहेर जाते तर आतही जाईल, या तर्काने मी काल प्रयोग केला. प्लंबरकडून पीव्हीसी पाइपचा तुकडा, एका बाजूला टोपी चिकटवली, दुसऱ्या बाजूला आट्यांची, तिला सायकलच्या ट्यूबचा वॉल्व्ह. आत चार बॉल, बाहेरून पंप. पस्तीस पीएसआयपर्यंत गेलो. रात्री अडीचला बाल्कनीत बंदुकीसारखा आवाज झाला. आट्यांची टोपी तुळशीवृंदावनाला लागून परत आली. वॉचमन वर आले.

तुळस ठीक आहे.

---

व्हल्कन

तर्क बरोबर, अक्कल शून्य. रागावू नका, पण पाणी नेणाऱ्या पीव्हीसी पाइपात दाबाची हवा कधीही भरायची नाही. पाणी दबत नाही, म्हणून पाइप फुटला तर फक्त गळतं. हवा दबून बसलेली असते, ती तुकडे उडवते. टोपी उडाली म्हणून वाचलात. असले डबे तयार मिळतात, खेळून झालं की बॉल आत टाकायचे आणि झाकण पिळायचं, तेवढ्याने दाब टिकतो. नव्या बॉलला ते वापरा, आयुष्य वाढेल. माळ्यावरच्या दहा वर्षांच्या बॉलचं रबरच वातड झालंय, त्यांना आता हवा भरून उपयोग नाही.

---

गच्चीवर_सिक्स (डोंबिवली)

आता माझं ऐका. तुम्ही लोक ज्याला मेलेला म्हणता त्यावर आमचं अख्खं बालपण गेलं. टेनिसवाल्यांचा नवा बॉल क्रिकेटला चालतच नाही, टप्पा पडला की विकेटकीपरच्या डोक्यावरून जातो. क्रिकेटचे टेनिस बॉल दुकानात खोक्यात सुटे मिळतात, डब्याचा दाब वगैरे काही नाही. लाइट आणि हेवी, दोन प्रकार. हेवी हाताला लागला की रात्री झोप येत नाही. पाकिस्तानात त्यावर इलेक्ट्रिकची टेप गुंडाळून स्विंग करतात, आमच्याकडेही करून बघितलंय, टेप महाग पडते.

आमच्या बॉलला निवृत्ती अशी नाही. आधी लव जाते. मग तो टकला बॉल स्लो पिचवर फिरकीला ठेवायचा. मग चीर पडते, तेव्हा अंडरआर्मला. एक दिवस कोणीतरी कडकडून मारतो आणि दोन वाट्या दोन दिशांना जातात. एक वाटी पकडली तर आउट का, यावर आमच्या मैदानात मारामारी झालेली आहे. काकांचा आप्पेपात्राचा प्रतिसाद वाचून कळलं की बॉल जिथून सुरू झाला तिथेच परत येतो.

मार्च २०२४ मध्ये ठाण्याला दादोजी कोंडदेव स्टेडियमवर टेनिस बॉलची ती मोठी लीग झाली, आयएसपीएल. दिवे, कॅमेरे, लिलाव. बघायला गेलो होतो. बॉल प्रेक्षकांत गेला की परत मागत नव्हते. आमच्या गल्लीत बॉल गटारात गेला तर ज्याने मारला त्याने उतरायचं, हा नियम आयसीसीपेक्षा जुना.

---

काजूबोंडू

गटारात उतरायचा नियम सगळ्यात पर्यावरणपूरक आहे. पावसाळ्यानंतर आमच्या खाडीला टेनिस बॉल लागतात, वरच्या गावांतले. सहा-सात तरी दर वर्षी. नारळाबरोबर गोळा होतात.

---

खडूफळा

पेपर संपले. माझं कारण: आमची शाळा कर्णबधिर मुलांची आहे. मुलांच्या कानात यंत्र असतं आणि ते यंत्र खुर्ची सरकल्याचा आवाजही मोठा करून देतं. तीस मुलं एकदम उठली की काय होतं याची कल्पना करा. बॉलला फुलीसारखी चीर देऊन खुर्चीच्या पायात घालायचा, आवाज बंद. चार पाय, म्हणजे एका खुर्चीला चार बॉल. सहा खुर्च्या अजून उघड्या आहेत.

तीन गोष्टी सांगते, ज्यांना हे करायचं असेल त्यांच्यासाठी. रबराची अॅलर्जी असलेलं मूल वर्गात नाही ना ते आधी बघा. आणि वर्षाने बॉल बदला, फेल्ट धूळ धरतं. चीर द्यायचं काम मुलांना देऊ नका, सुरी घसरते. आमचे शिपाईकाका बॉल सुताराच्या शिकंजात धरून कापतात.

---

हिशोबनीस

सहा खुर्च्या, २४ बॉल. उरले ९०.

---

शेपूटवाला

कुत्र्यांना देऊ नका. आमच्या मोतीला दिला होता. फेल्टमध्ये वाळू अडकते आणि दात पॉलिश पेपरने घासल्यासारखे झिजतात. मोठा कुत्रा बॉल फोडून रबराचे तुकडे गिळतो ते वेगळंच. साधा, बिनकापडाचा रबरी बॉल आणा.

---

पाचवी_सर्व्ह

फेल्टवरून आठवलं. दोन तास खेळल्यावर हिरव्या कोर्टावर जो पिवळा भुरा जमतो, तो नायलॉन आणि लोकर. पाऊस पडला की सगळा नाल्यात. बॉलच्या ढिगाचे फोटो सगळे काढतात, भुऱ्याचा कोणी काढत नाही.

---

फिफ्टीन_लव्ह

शेवटची नोंद, म्हणजे हिशोबनीसांना झोप लागेल.

खडूफळा ताईंना २४ पोचले, वर ६ जादा. ११ बॉल फिजिओथेरपी करणाऱ्या वहिनींनी नेले, टाचदुखीवाल्यांना पायाखाली फिरवायला आणि दोन-दोन मोज्यात घालून पाठीखाली ठेवायला. चार आमच्या सोसायटीतल्या अप्पांच्या वॉकरला आणि काठ्यांना. अप्पांनी पिवळा रंग नको म्हणून तक्रार केली, त्यांना सांगितलं की विम्बल्डननेसुद्धा पांढरा सोडून पिवळा धरायला १९८६ पर्यंत वेळ घेतला, तुम्हीही घ्या. एक बॉल मी करवतीने मधोमध कापला. आत खरवड नाही, म्हणजे दाबाच्या हवेतला. भिंतीची जाडी बोटाच्या नखाच्या रुंदीपेक्षा कमी आहे, बघून आश्चर्य वाटलं. मुलीने दोन्ही वाट्या शाळेत नेल्या.

कोर्टावर एक खोकं ठेवायचं मी सुचवलं होतं. व्यवस्थापनाचं म्हणणं, खोकं ठेवायला हरकत नाही, पण भरल्यावर ते कोण आणि कुठे नेणार ते लिहून द्या. त्या रकान्यात काय लिहू ते अजून सुचलेलं नाही. सरावाला बिनदाबाचे डझनभर बॉल मागवलेत. आमच्या चौघांपैकी एकाने पहिल्याच दिवशी तोंड वाकडं केलं.

उरले ६८. गच्चीवर_सिक्स, रविवारी टेम्पो नको, डोंबिवलीला येणाऱ्या मेहुण्याच्या गाडीत देतो. पिशव्या तेवढ्या परत पाठव, बायकोच्या आहेत.

---

गच्चीवर_सिक्स

पोचले. ६७ आहेत.

---

फिफ्टीन_लव्ह

एक मेहुण्याच्या मुलाने ठेवला.